शेण खरवडण्याचे तास

११ सप्टेंबर, गुरुवार
आज पुन्हा वारली चित्रं. शाळा सुटल्यानंतरचा तास, आठ मुलं, त्यातली तीन मोबाईलमध्ये. मी धारची, मुलं देवासची, आणि आम्ही पीडीएफ बघून डहाणूकडच्या लोकांचं नाचणं काढतो. त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा, हातपाय लावायचे, फाइलला टाचायचं. शाळेच्या कागदावर याला ‘हेरिटेज क्लब’ म्हणतात. कुणाचं हेरिटेज ते विचारायचं नाही.

सेवामॅडम दारातून डोकावून गेल्या. (नाव मी ठेवलेलं. खरा हुद्दा कम्युनिटी सर्व्हिस कोऑर्डिनेटर. गुडगावहून आल्यात, देवासला अजून ‘दीज पार्ट्स’ म्हणतात.) “शनिवारी मागच्या गावात भिंत रंगवायचीय, तुमच्यातले दोन द्या.” मी काय बैल भाड्यानं देते?

टीमलीडर आमचीच इरा. अकरावी. सेवेचे तास भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेटशिवाय बाहेरच्या कॉलेजचा अर्ज नाही. घरी स्वतःचं ताट उचल म्हटलं की “मम्मा, अभी नहीं.” त्याचे तास मिळत नाहीत ना.

१३ सप्टेंबर, शनिवार
उशीर झालाय. तरी लिहिते.

इरा चारला आली, अंगभर पिवळा रंग, स्वारी खूश. फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यात पुस्तकावर बसून उडणारी मुलगी, खाली इंग्रजीत मुलींना पंख द्या वगैरे. आधीच्यात मातीची भिंत, त्यावर शेणानं सारवलेला चौकोन, चौकोनात शेणाचीच छाबडी, म्हणजे टोपलीची आकृती, तिच्यावर गुलतेवडीच्या, म्हणजे तेरड्याच्या, गुलाबी पाकळ्या आणि चमकी.

संजा. कुणाची तरी चालू संजा.

“हे काय केलंत?”
“दीवार पे गोबर था मम्मा. खरोंच के निकाला, फिनाइल से धोया, फिर प्राइमर.”
“आणि खाली टोपली असेल.”
“हाँ, सूखा गोबर था. घूरे पे डाल दिया.”
“कुणी अडवलं नाही?”
“सब लोग खेत में थे. एक दादाजी कुछ बोल रहे थे. हमने नमस्ते किया.”

नमस्ते केलं. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. इरा रडली नाही. मला म्हणाली, आप ओव्हररिअॅक्ट कर रहे हो. भिंत खरवडायच्या लोखंडी पट्ट्या टीमलीडर म्हणून तिच्याच ताब्यात. बाल्कनीत ठेवल्यात. त्यांना अजून शेण लागलेलं आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
सोमवारी शाळेत बोलताना अडखळू नये म्हणून लिहून काढते. पितृपक्षात माळव्यातल्या कुमारिका रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा घालतात. रोज नवी आकृती. कालची उतरवायची, पण टाकायची नाही, टोपलीत जपायची. एकादशीपासून किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखा मोठा कोट, त्यात आधीच्या सगळ्या आकृत्या घ्यायच्या. अमावास्येला टोपली पाण्यात. संजा माहेरी आलेली असते, ती सासरी जाते. म्हणजे आमच्या कन्यारत्नानं भिंत साफ केली नाही, घरी आलेल्या मुलीला उकिरड्यावर फेकलं.

मी धारला लग्नापर्यंत घातली. आम्ही मराठी, शेजारच्या माळवी, कुणी विचारलं नाही.

आईला धारला फोन केला. म्हटलं ती तरी इराच्या बाजूनं बोलेल, नातीची बाजू घ्यायची तिची सवयच आहे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शुभे, अमावास्येच्या आत त्या पोरीच्या दारी तिला उभी कर हो. नंतर माफी कुणाकडे मागणार? संजा तर सासरी गेलेली असेल.”

इराला सांगितलं. “मैं क्यों सॉरी बोलूँ? स्कूल ने भेजा था.” नवरोबा मकरंद पेपरात तोंड घालून बसला. म्हणे दोघी शांत व्हा. या घरात शांत फक्त तोच असतो, आणि त्याचा कुणाला काही उपयोग होत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार
वाटलं होतं त्याहून वाईट. ती भिंत सुगनबाईंची.

सुगनबाई आमच्या शाळेच्या बसमधल्या मदतनीस. लहान मुलांना चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे. इतकी वर्षं मागच्या सीटवर आम्ही दोघी शेजारी, माझा डबा त्यांना, त्यांचा भुट्ट्याचा कीस मला. आज त्या पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या. मी उठून पुढे गेले.

“मैडम, तमारी छोरी के बोली दो, म्हारा घर आड़ी नी आवे.”

तुमच्या पोरीनं आमच्या घराकडे फिरकू नये. बस्स, एवढंच. इरा दोन सीट मागे, कानात हेडफोन.

बाकीचं ड्रायव्हरनं सांगितलं. संजा सुगनबाईंच्या रानूची. रानूचं लग्न ठरलंय, बदनावरला, मंडीतल्या व्यापाऱ्याच्या घरात, देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशी झाली की. म्हणजे कुमारिका म्हणून ही तिची शेवटची संजा. शेवटचीच मोडली. गावातल्या बायका अपशकुन म्हणून नको ते बोलायला लागल्यात, आणि बदनावर काही लांब नाही. शनिवारपासून पोरी म्हशीच्या गोठ्यामागे लपून संजा घालतायत. स्वतःच्या दारात चोरासारखं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये. मी, सेवामॅडम, एसी. लिहून नेलेलं सगळं बोलले, अडखळले नाही. सेवामॅडमनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, “बट शुभदा, शेणच होतं ना?”

प्रिन्सिपल सरांचा निकाल: कुणीही गावात जायचं नाही. माफी म्हणजे कबुली, उद्या कुणी मीडियावाला उभा राहिला तर. शिवाय हा प्रकल्प वरती पाठवलाय, या वर्षीचा उत्तम प्रकल्प म्हणून. “इराचं करिअर आहे, मॅडम. तुम्ही आईसारखा विचार करा.”

आईसारखाच करतेय, म्हटलं. त्यांना कळलं नाही.

बाहेर आल्यावर सेवामॅडम हळूच म्हणाल्या की स्टाफच्या मुलांची फीची सवलत दर वर्षी नव्यानं ठरते. धमकी देतानासुद्धा त्यांचा आवाज मध घातल्यासारखा. या बाईचा मला मनापासून तिटकारा आहे. लिहून बरं वाटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार, एकादशी
आज किलाकोट. पोरी गोठ्यामागून परत आपल्या भिंतीवर आल्या. उडणाऱ्या मुलीच्या तोंडावरच शेण थापलं. रानू हटून बसली असणार, किलाकोट तिथंच, जिथं पहिल्या दिवसापासून संजा होती तिथं.

संध्याकाळी बस गावावरून येते तेव्हा दिसलं. ऑइल पेंटवर शेण धरत नाही, अर्ध्याहून जास्त घसरून खाली पडलं होतं. पोरी ते गोळा करत होत्या. इरानं खिडकीतून पाहिलं.

“मेरा म्यूरल!”

मला हसू आलं. बसमध्ये, सगळ्यांसमोर. सुगनबाईंनी वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग इराकडे. घरी आल्यापासून इरा माझ्याशी बोलत नाही. जेवली नाही. न जेवो.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आज धरलं. शेणात पिवळी माती आणि भुसा कालवलेला दिसला, आणि खालचा रंग दगडानं घासून खरबरीत केलेला. कोट वर चढलाय. उडणाऱ्या मुलीचे पाय तेवढे बाहेर, बाकी आत.

सेवामॅडमना कुणीतरी फोटो पाठवला. ‘व्हॅन्डलिझम.’ पुढच्या शनिवारी, २७ ला, टीम जाऊन भिंत ‘पूर्ववत’ करणार. त्याचेही तास मिळणार. खरवडा, तास घ्या. पुन्हा थापतील, पुन्हा खरवडा, पुन्हा तास. काय धंदा आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सेवामॅडमची नवी कल्पना. ‘कम्युनिटीच्या भावनांचा आदर’ म्हणून शाळेच्या लॉबीत संजा कॉर्नर. प्लायवर तपकिरी अॅक्रिलिक, शेण नको, वास येतो. मी काढायची, सुगनबाईंनी गावातल्या पोरी घागरे घालून आणायच्या, पाहुणे आले की गाणी म्हणायची.

सुगनबाईंना बोलावून विचारलं, माझ्यासमोरच. त्या म्हणाल्या, “संजाबई लकड़ी का पाट्या पे नी बैठे.” आणि निघून गेल्या. नोकरीचा विचार केला असेल की नाही, माहीत नाही.

मग माझी पाळी. मी नाही म्हटलं. प्लाय तुमचा, रंग तुमचा, पण माझ्या हातून नाही. सेवामॅडम हसल्या. “थिंक अबाउट इट, शुभदा.” दिवसभर त्याचाच विचार करतेय आणि दर वेळी रक्त उसळतंय. भीतीही वाटतेय, तेही खरं. इराची अकरावी-बारावी मध्येच कुठं नेऊन टाकणार?

बसमध्ये सुगनबाई पुढेच बसल्या. मला वाटलं होतं, आज मागे येतील.

२० सप्टेंबर, शनिवार
उद्या अमावास्या. सकाळी इराला शेवटचं विचारलं.

“नहीं जाऊँगी. मैम ने मना किया है.”
“मी सांगतेय.”
“आपको मेरे घंटे कटवाने हैं? आपको तो अच्छा लगेगा.”

तोंडात मारावीशी वाटली. मारली नाही. म्हटलं, तुझ्या वयाची होते तेव्हा मी कुणाच्या भिंतीला हात लावला नव्हता. ती म्हणाली, “आपने कभी बताया था, संजा क्या है?” मी म्हटलं, विचारलं होतंस कधी? दोघींचे दरवाजे आपटले. मकरंद म्हणाला, शेजारी ऐकतायत. ऐकू देत.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री
दुपारी पानं वाढली, कावळ्याला ठेवलं. आवराआवर करून मी एकटीच निघाले. सासरी निघालेली मुलगी आहे समोर, तिला निदान कुणीतरी तोंड दाखवावं. स्कूटर काढतेय तर इरा खाली. पांढरे बूट, पाठीवर शाळेची बॅग.

“चलो.”
“बॅग कशाला?”
ती मागे बसली. खड्ड्यांतून बॅगेत काहीतरी खणखणत होतं.

भिंतीपाशी पोरी, बायका. आरती होऊन गेलेली. आम्हाला पाहून गाणं थांबलं. एका बाईनं आपली मुलगी मागे ओढून घेतली, जणू इरा तिलाही खरवडणार आहे. सुगनबाई उठल्या नाहीत.

रानू पुढे आली. मी प्रथमच पाहिली. उंच, हात कोपरापर्यंत शेणाचे. इरानं तोंड उघडलं.

“मैंने... मतलब, हमको पता नहीं...”
“माफी-वाफी मत बोल,” रानू म्हणाली. “टोकनी उठा. जिनने फेंकी, वई ले जाएगी.”

उकिरड्यावरून जेवढं सापडलं तेवढं त्यांनी टोपलीत वेचून आणलं होतं. वर आजचा कोट उतरवून ठेवलेला. भिंतीवर शेणाचा डाग, डागाखाली ओरखडे आणि उडणाऱ्या मुलीचे पाय.

मला वाटलं, फेकून देईल आणि चालती होईल. नाक तर मुरडलंच तिनं. मग वाकली. पहिल्यांदा उचलता आली नाही, कुणी हात लावला नाही. मी पुढे झाले तर सुगनबाई म्हणाल्या, “तम यांज रो, मैडम.” इरानं टोपली कमरेवर घेतली, मग डोक्यावर, बॅग पाठीवर तशीच, आणि रानूच्या मागून चालू लागली. रानूनं एकदाही मागे पाहिलं नाही. पोरी गात गात तलावाकडे गेल्या. इराला गाणं येत नाही.

मी तिथंच, सुगनबाईंच्या ओट्यावर. एकदा वाटलं, पाणी विचारतील. नाही विचारलं. रागावता येईना, तोच जास्त राग.

परत आल्या तेव्हा इराचे बूट चिखलानं भरलेले, टोपली रिकामी, केसात भुसा. रानूनं तिच्या हातातून टोपली घेतली, म्हणण्यापेक्षा हिसकावली. काही म्हणाली का? मला ऐकू आलं नाही. इराला विचारलं तर म्हणे, “कुछ नहीं.”

घरी आल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये. पाण्याचा आवाज येत नव्हता.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. शाळा आहेच.

ग्रुपवर सेवामॅडम: रविवारी एक विद्यार्थिनी परवानगीशिवाय गावात गेल्याचं कळलंय, यावर बोलू. मी लॉबीतल्या प्लायचं कधी सुरू करणार? आणि शनिवारच्या भिंतीसाठी टीमलीडरनं पट्ट्या स्वच्छ धुऊन आणाव्यात.

बाल्कनीत गेले. पट्ट्या नाहीत. ड्रमवर नाहीत, कुंड्यांमागे नाहीत. बॅग दारात पडलेली, तिच्यात वह्या आणि ओला मोजा. काल जाताना ती बॅग वाजत होती. तलावावरून आल्यावर वाजली की नाही, कितीही आठवलं तरी आठवत नाही.

“इरा, पट्ट्या कुठायत?”
“होंगे कहीं.”
“मॅडमना काय सांगू?”
“मेरे से पूछा है, मैं बोलूँगी.” आणि दार आपटलं. या मुलीला दार हळू लावायला कधी येणार?

बसमध्ये सुगनबाई पुढेच. इरा चढताना त्यांनी तिचा दंड धरून वर घेतलं, पहिलीतल्या मुलांना घेतात तसं, तिच्याकडे न बघता. इरानं दंड सोडवून घेतला नाही. मागे येऊन माझ्यापासून दोन सीट दूर बसली, हेडफोन घातले.

ग्रुपवर अजून तिचं उत्तर नाही. माझंही नाही. शनिवार यायचाय.