तुसासकट नऊ दाणे

आई, तुझ्या माहेरच्या खाऱ्या शेतात या वर्षी भात कापणीला आलंय. तेच शेत, खाडीचा बांध फुटला की पांढरं पडणारं. त्या लोंब्यांत थोडं तुझं देवभात आहे. मुलुंडला मिठागराच्या कडेच्या तळ्यात न पेरता उगवणारं ते रानटी भात. ऋषिपंचमीला नांगराखालचं काही खायचं नाही, म्हणून तू दिवाळीच्या सुमारास पुढच्या भाद्रपदाची बेगमी करायचीस. पिकलं की दाणे पाण्यात गळून जातात, म्हणून लोंब्या हिरव्या असतानाच त्यांच्या जुड्या बांधायचीस. याला संस्कृतात नीवार म्हणतात, ऋषिमुनी हेच खात, असं मी काठावरून शाळेतलं ज्ञान पाजळतोय, आणि तू गुडघाभर पाण्यातून विचारतेस, "ऋषींका कुसळा टोचत नाय होती? पिशवी धर." पिशवी मी धरली, पाण्यात कधी उतरलो नाही. संस्कृताचा एवढा तरी उपयोग करून घेतला.

पुढे मी भाताच्याच संशोधनात पडलो. मीठ सोसणारी जात हवी होती, आणि आपल्या लाडावलेल्या पेरणीच्या भातांना ते जमत नव्हतं. तुझ्या तळ्यातल्या भाताशी संकर करून पाहावा, असं कोकणात नोकरीला असताना सुचलं. फोन केला, "देवभात पाठव." तू पाठवलंस. गॅलरीत उखळ मांडून, खालच्या बिऱ्हाडाची बोलणी खाऊन, कांडून, पाखडून, तांबडे स्वच्छ दाणे. कोंब फुटायची जागाच मुसळाखाली गेलेली.

"आई, पेरायला मागवलं होतं! सगळं मारून पाठवलंस. आणि तळ्यात भराव पडला, आता कुठून आणू?"

"माका काय ठाऊक," तू म्हणालीस. "थय तुका कांडूक कोण आसा?" मग, "जेवलंस मा?"

मी फोन ठेवला.

तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. जेवताना घासात तुसाचा दाणा लागला की मी तो ताटाच्या काठावर मांडून म्हणायचो, "आज तीन." तू म्हणायचीस, "मोजूचा शिक्षण बरा घेतलंस." तू पाठवलेल्या पिशवीतले दाणे मी रागारागाने निवडायला बसलो, तर नऊ निघाले, तुसासकट, कुसळासकट. तुझ्या नजरेतून सुटलेले. सहा रुजले. त्यातलं एक रोप खारं पाणी पिऊनही ताठ राहिलं. चांगल्या जातीशी त्याचा संकर केला, मग त्या संततीचा पुन्हा त्याच जातीशी, पुन्हा पुन्हा. दर पिढीत कुसळ आणि गळणं काढून टाकायचं, मीठ सोसणं तेवढं राखायचं. त्यात माझे केस पिकले. सहकाऱ्यांना वाटतं, मी फार चिकाटीचा.

मुलुंडच्या घरात आता दुसरे लोक राहतात, त्यामुळे हा कागद बियाण्याच्या डब्यातच ठेवतोय. तुझ्या दिवसांना जमलेल्यांना मी सांगितलं होतं, रोपं उगवली ती आई गेल्यावर. चार दिवस आधी उगवती तर तिला कळलं असतं. सगळे हळहळले. मावशीने तर मलाच जवळ घेतलं.

कोंब तू जाण्याआधी तीन आठवडे दिसले होते. तू रोज फोन करून विचारायचीस, "राग गेलो काय रे?" मी म्हणायचो, कामात आहे. सांगितलं असतं तर ओरडलो त्याची माफी मागावी लागली असती. म्हटलं, अजून थोडे दिवस रागावून राहू.