बाराशे झाकणं

तीर्थरूप आत्या,

(साष्टांग घालायला गोदामात जागा नाही, चहूकडे खोकी आहेत, तेव्हा उभ्यानेच नमस्कार.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम स्वतः करतेस की नुसता शेजारणींना शिकवतेस? दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील, पण मधे माझी नोकरी जाता जाता राहिली.

त्याचं असं झालं, की आमच्या सगळ्या दुकानांत शनिवारपासून प्रेशर कुकरचा सेल, आणि कुकर तीन आठवडे बंदरातच अडकलेले. मांडण्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी स्टुलं, कपडे वाळवायचे स्टँड, हाताला लागेल ते पाठवत होते. (एका दुकानातून निरोप आला, गिऱ्हाइकांना बसायची सोय झाली, आता घ्यायला काहीतरी पाठवा.) मोठे साहेब रोज सकाळी फोन करून माल कुठे आहे विचारत, जणू मी तो पलंगाखाली दडवलाय. शेवटी म्हणाले, शुक्रवारपर्यंत कुकर आले नाहीत तर सोमवारी तुम्हीही येऊ नका.

बुधवारी ट्रक आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोकी फोडली तर आत नुसती झाकणं! बाराशे झाकणं, शिट्ट्यांसकट, आणि खाली भांडं एक नाही. मी तिथेच खोक्यावर बसून आधी मनसोक्त रडले, मग शहरातली गोदामं फोनवरून पालथी घातली. बाराव्या गोदामाचा मॅनेजर ओरडलाच, "बाई, झाकणं तुमच्याकडे आहेत होय? मी बादल्या मागवल्या होत्या, आली बाराशे पातेली. एकाच दांड्याचं पातेलं कोण घेईल, याचा दोन दिवस विचार करतोय!"

आता आणायची कशातून? ट्रक सगळे बंदरावर रांगेत. तर या गृहस्थाने सुट्टीत उभी असलेली शाळेची बस मिळवली आणि शुक्रवारी चार खेपा केल्या. प्रत्येक बाकावर पातेली, शहाण्या मुलांसारखी गप्प बसलेली! मग त्याची माणसं नि माझी माणसं मिळून संध्याकाळपर्यंत झाकणं लावत बसलो. हसून हसून पोट दुखलं. शनिवारी दुकानं उघडायच्या आत कुकर पोचले, आणि साहेबांचा फोन आला, "बघा, तुम्ही उगाच घाबरता!"

बाकी सर्व क्षेम.

तुझी भाची

ता. क. तो मॅनेजर तेव्हापासून दर रविवारी येतो. आधी कामाचं निमित्त सांगायचा, आता तेही सांगत नाही. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. बाबांना सांगायची माझी छाती होत नाही, आणि ते थोरल्या बहिणीशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तेवढं तू बघ.

आणखी एक. हे पत्र तुझ्या हातात देऊन जो माणूस दारात कुंड्या निरखत उभा आहे, तोच तो. कुरिअरवाला समजून वाटेला लावू नकोस. आत बोलाव, तुला भेटायचं म्हणून सकाळपासून त्याने तीनदा शर्ट बदललाय.