भजनाला येणारी पाखरं

अप्पा, रामनवमीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे तळकाडला वाळूवर गेलो होतो, पण तुमच्या जागेवर बसलो नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेलं तुम्हांला कधी खपलं नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की तुम्ही आधी 'कधी पाहिजे' विचारायचात आणि 'काय शिवायचं' ते मागाहून. तर बसलो नाही. का, ते आता सावकाश सांगते. कडकोळच्या कपड्यांच्या कारखान्यातलं कटिंगचं टेबल सोडून मी घरी बसले आहे, दुपारी वेळच वेळ असतो, आणि तुमच्या मशीनचं झाकण लावलं की लिहायला बरं टेबल होतं.

तुमच्या वेळचा तो दरवर्षीचा रविवार माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलाच नाही. आदल्या दिवशी दुपारी चामराजपुरमचं दुकान बंद. तुम्ही माळ्यावरून चांदवा काढता, झटकता आणि त्याला यंदाची पट्टी जोडायला मशीनवर बसता. वर्षभराचं कातरण त्यात असतं. शाळेच्या गणवेशांचं निळं, कुणाच्या लग्नातल्या ब्लाउजांचं जरीकाठी, एका वकिलाच्या कोटाचं काळं. ते काळं देवाच्या डोक्यावर नको असं आई म्हणायची, तर तुम्ही म्हणालात, "देवच काळा आहे, त्याला काय होतंय!" सकाळी भजनी मंडळाचा टेम्पो दारात. आत्या पुळियोगरे भाताचं पातेलं मांडीत घेऊन बसते आणि गचका बसला की पातेलं सांभाळते, स्वतःला नाही. नरसीपूर मागे पडलं की तुमचं सुरू होतं. एका राणीच्या शापानं हे गाव वाळूत गेलं म्हणतात, पण आम्हां शिंप्यांना तो शाप पावला, एवढी मऊ बैठक दुसरं कोण देणार! दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी आत्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. तुमच्यावर एवढा जीव टाकणारी धाकटी बहीण तुम्हांला मिळाली, हे तुमचं नशीब. आम्हां घरच्यांना तुमचे विनोद पाठ झाले होते.

कावेरीचं पाणी चैत्रात उथळ. पोटरीभर पाण्यातून चालत आपण मधल्या वाळूच्या पट्ट्यावर जायचो, तुम्ही डोक्यावर चांदव्याची गुंडाळी घेऊन सगळ्यांच्या पुढे. आत्या ओल्या वाळूचा विठोबा करी. कमरेवरचे हात तिला कधी साधले नाहीत, एक तरी हात गळून पडायचाच, आणि तुम्ही म्हणायचात, "दुखला असेल, उभं राहून राहून." मग बांबू रोवायचे, चांदवा ताणायचा. तो वर चढला रे चढला की ती पाखरं यायची. करड्या पंखांची, डोक्यावर काळी टोपी घातलेली, पिवळ्या चोचीची. कुठून उठत कोण जाणे, पण चांदव्याभोवती घिरट्या घालत, खाली झेपावत, पुन्हा वर जात, आणि सारखी ओरडत. तुम्ही दोन्ही हात वर करायचात. "आली! ऐकायला आली! काढा टाळ!" पाखरं आल्याशिवाय आपल्या मंडळाचा पहिला अभंग कधी सुरू झाला नाही. एका वर्षी ती जरा उशिरा आली, तर तुम्ही सगळ्यांना तसंच उन्हात बसवून ठेवलंत आणि गुळाच्या पानकाच्या हंड्यालाही कुणाला हात लावू दिला नाही. अभंग संपला की तुम्ही त्यांच्या नावानं मूठमूठ चुरमुरे वाळूवर टाकायचात. मैसूरच्या दुसऱ्या कुठल्या भजनी मंडळाला असे श्रोते नाहीत, हे तुम्ही वर्षभर गिऱ्हाइकांना बटणं लावता लावता सांगत होतात.

मी लहान होते तेव्हा एकदा तुम्हांला म्हटलं होतं, "अप्पा, ती पाखरं भांडतायत आपल्याशी." तुम्हांला आठवणार नाही. मला आठवतं, कारण तुम्ही टाळ खाली ठेवलेत, आणि भजनाच्या मध्ये तुम्ही टाळ खाली ठेवलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. "देवाच्या दारात आलेल्याला भांडतंय म्हणतेस? सुम्ने बस!" सगळ्यांसमोर. मी रडत पाण्यापाशी जाऊन बसले आणि आत्यानं दिलेली डाळीची कोसंबरी नदीत टाकून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही देवराज मार्केटातून माझ्या हाताच्या मापाचे छोटे टाळ आणलेत. टाळांना दोरी नव्हती, तर आपल्या हातांनी पट्टी शिवून त्यात ओवलीत. अजून आहेत माझ्याकडे. पट्टी पिवळी पडली, पण टाका एक सुटलेला नाही.

आता यंदाचं. तुम्ही गेल्यापासून मंडळाचं वाळूवर जाणं थांबलंच होतं. आत्या फार थकली आहे, अप्पा. दिवाळीपासून तिचं एकच चालू होतं, "यंदा मला वाळूवर ने. पुढच्या वर्षाचं कोण सांगितलंय?" डॉक्टर म्हणाले न्या, पण जपून. म्हणून जागा बघायला मी आधी एकटीच जाऊन आले. आपल्या वेळचा तो किनारा राहिलेला नाही. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग, हरिगोलाच्या गोल टोपलीहोडीत बसायला माणसं खोळंबलेली, कणसं भाजणाऱ्या बायका, व्हॉलीबॉलची जाळी, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणं. मला त्याचा राग येत नाही. माणसं आठवडाभर राबतात, त्यांनी नदीवर यायचं नाही तर कुठं जायचं? आपणही तेच करत होतो, फक्त आपल्याकडे स्पीकरऐवजी तुमचा आवाज होता, आणि तो काही लहान नव्हता. पण मधल्या पट्ट्यापाशी गेले तर बांबू रोवून दोरी बांधलेली. आत जायचं नाही असा कन्नड फलक, आणि छत्री घेऊन बसलेला वनखात्याचा एक गार्ड. माझ्याच वयाचा, घामानं भिजलेला, दिवसभर तेच तेच सांगून वैतागलेला.

मी त्याच्याशी भांडलेच. आमचं मंडळ तुमची दोरी वळायच्या आधीपासून इथं येतंय म्हटलं. बाटल्या फोडणारे तुम्हांला दिसत नाहीत, भजनवाले बरे दिसतात, असंही म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही बसता कुठं, अम्मा?" मी बोट दाखवलं. त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. "नोडी."

आधी नुसती वाळू दिसली. मग वाळूतच एक काळी टोपी दिसली. आपला चांदवा जिथं उभा राहायचा, बरोबर तिथं, उघड्या उन्हात, चोच थोडी उघडी टाकून ती बसली होती. घरटं नाही, काडी नाही, वाळूत नुसता खळगा. तिच्यापासून जरा पुढे दुसरी. तिच्यापुढे आणखी एक. नदी सुरय म्हणतात म्हणे त्यांना. नद्यांची वाळू गेली, धरणातून कधीही पाणी सुटायला लागलं, तशी ही जात कमी कमी होत धोक्यात आली आहे, आणि अंडी घालायला त्यांना अशी उघडी वाळूच लागते. मी म्हटलं, "पण या माणसांना भीत नाहीत. आम्ही आलो की वर येऊन घिरट्या घालतात." गार्ड म्हणाला, "अम्मा, त्या अंड्यांवरून उठतात. माणूस जाईपर्यंत ओरडत राहतात. तोवर अंडी उन्हात भाजतात. आणि खाण्याचं काही सांडलं की कावळे आलेच, मग अंडी कसली राहतात?"

तुमचे चुरमुरे, अप्पा. ती पाखरं मासे खातात. चुरमुऱ्याला त्यांनी कधी चोच लावली नसणार. ते सगळे कावळ्यांनी खाल्ले, आणि चुरमुरे संपल्यावर आणखी काय खाल्लं ते मला त्या दुर्बिणीतून बघवेना. मी ती परत दिली. तो म्हणाला, "येऊ नका असं मी म्हणत नाही. वाळू सगळ्यांची आहे. अलीकडच्या काठाला या, जेवा, पोरांना पाण्यात सोडा. एवढा मधला पट्टा पिल्लं उडेपर्यंत सोडा." मी मान हलवली आणि बसस्टॉपवर येऊन किती तरी वेळ बसून राहिले. राग तुमचा आला नाही. वाईट मात्र इतकं वाटलं की समोर आलेली बस मी जाऊ दिली. माझ्या सगळ्या लहानपणात सुखाचा असा त्या पाखरांचाच एक आवाज होता.

देवळात मंडळाची बैठक झाली. मी दोरीचं आणि अंड्यांचं सांगितलं, त्या ओरडण्याचं काही सांगितलं नाही. आपलं दुकान आता चालवणारा चुलतभाऊ भडकलाच. "नदी येवढी लांब आहे, पाखरं दुसरीकडं घालू देत की अंडी! अप्पांची जागा सोडायची म्हणजे काय, आटा आहे काय हा, पोरखेळ?" मी म्हटलं, "जागा अप्पांची नव्हती. अप्पा वर्षातून एकदा जात होते, पाखरं तिथं जन्मतात." बराच आरडाओरडा झाला. मग कुणीतरी म्हणालं, म्हातारीला पोटरीभर पाण्यातून नेणार तरी कसं, अलीकडचा काठच बरा. अशा रीतीनं पाखरांचं काम आत्याच्या गुडघ्यांनी केलं. ढोलकी घरी ठेवायची आणि उष्टं सगळं पिशवीत भरून परत आणायचं हे मात्र मी भांडून कबूल करून घेतलं.

रविवारी आत्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून काठावर आणलं. होंगेच्या झाडांची सावली होती, त्यामुळे चांदवा ताणला नाही. घडी करून तिच्या मांडीवर दिला. ती त्यातलं काळं कातरण शोधत बसली आणि सापडल्यावर मला दाखवलं. सुनांनी पाण्यापाशी वाळूचा विठोबा केला. त्याचे दोन्ही हात कमरेवर नीट राहिले, ते आत्याला काही आवडलं नाही. पानक झालं, कोसंबरी झाली. टाळ निघाले. आत्यानं हात वर केला. "थांबा थांबा. अण्णाचे पाखरं इन्नू आले नाहीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पलीकडे मधल्या पट्ट्यावर ती बसलेली होती, इथून नुसते ठिपके. मला काहीही सांगता आलं असतं. येतील म्हणता आलं असतं, आलीत म्हणता आलं असतं, आत्याला आता लांबचं कुठं दिसतं! पण ती सगळ्यांना थांबवून, मान वर करून वाट बघत होती, आणि ती तशी दिवसभर बघत बसली असती. मी तिच्या खुर्चीपाशी वाळूत बसले आणि सगळं सांगितलं. अंडी, ऊन, कावळे. ती माझा हात धरून ऐकत होती.

"म्हणजे ते ऐकायला येत नव्हते?"

"नाही, आत्या."

"ओरडत होते आपल्याला? उठा म्हणून?"

"हो."

"आणि अण्णा त्यांना चुरमुरे टाकत होता!" आणि आत्या हसायला लागली. खुर्ची हलेपर्यंत हसली, मग चांदव्यात तोंड घालून रडली, आणि त्यातच म्हणाली, "अय्यो देवा, लेकरं उन्हात टाकून बिचाऱ्या वर ओरडत होत्या, आणि आपण खाली नाचत होतो." चुलतभाऊ टाळ मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणा आता. हळू म्हणा, त्यांना ऐकू जाऊ नये असं." आणि तिनंच सुरू केलं, तुमच्या आवडीचं, तुमच्याच चालीवर, अगदी बारीक आवाजात. मी तुमचे छोटे टाळ नेले होते. ते मी नुसते एकमेकांना टेकवत होते. पलीकडून एकही पाखरू उठलं नाही.

टेम्पोत बसताना तिनं मला जवळ ओढलं. तिला आता मधूनच काळवेळाचं भान राहत नाही, कोण आहे आणि कोण गेलं याचा घोळ होतो. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अण्णाला सांगू नको हं हे. त्याला फार लागेल." मी म्हटलं, "नाही सांगत." तिनं माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि मगच दार लावू दिलं.

म्हणून अप्पा, हे कागद चांदव्याच्या घडीत घालून माळ्यावर ठेवते. आत्याला दिलेला शब्द इथवर मोडला, तेवढं पुरे. आणि एक, तुमच्यापुरतंच. भजन चालू होतं ना, तेव्हा सगळं कळत असूनही मी सारखी वर बघत होते. एक तरी यावी, असं वाटत होतं.