बासष्ट झाडं आणि सात दिवसांच्या गोळ्या

११ नोव्हेंबर, संध्याकाळ.
ऑलिव्हची तोडणी सुरू. झाडं बासष्ट, सगळी वडिलांनी लावलेली. रोज चार धरली तर सोळा दिवसांत काम फत्ते. कालच कॅफेत सगळ्यांसमोर सांगून बसलोय, आता माघार नाही. मेव्हणा लसाद म्हणाला, दाजी, यंदा मजूर लावू, नाहीतर फळं झाडून पाडायची मशीनची फणी आणू, तुम्ही सदुसष्टचे झालात. म्हटलं, सदुसष्ट हा आकडा आहे, आजार नाही.
आज झालेली झाडं: दीड. शिडी जरा वाकडी आहे.

१२ नोव्हेंबर.
डावा गुडघा सुजला. सलूहा म्हणते खरबुजाएवढा. माझ्या मते लिंबाएवढा. बायकोला प्रमाणाचं भान नाही, तिने कधी नकाशा काढलेला नाही. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला.
झाडं: शून्य. वारा होता.

१३ नोव्हेंबर.
सलूहाने डॉ. बूदायाकडे नेलं. मुलगा तरुण आहे, फार बोलतो. सूज आणि दुखणं उतरवायची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ एकेक, पोटभर जेवणानंतर, फक्त सात दिवस. सोबत पोट सांभाळायची कॅप्सूल, ती रोज सकाळी उपाशीपोटी. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही. मला बीपी आहे हे सलूहाने लगेच सांगून टाकलं, मग म्हणे एक दिवसाआड बीपी मोजा. पोटात आग पडली किंवा शौचाला काळी झाली तर गोळी बंद करून थेट या. बायको शेजारी बसलेली असताना असले विषय. असो, मी मान डोलावली.
औषधाच्या दुकानात सिहेम. माझी विद्यार्थिनी, नववीत भूगोलात नापास. तिने खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: जेवणानंतर. वर म्हणाली, सर, जेवणानंतर म्हणजे कॉफीनंतर नव्हे.
जिला नद्यांची नावं लिहिता येत नव्हती ती मला वाचायला शिकवते.
रात्रीचं जेवून पहिली गोळी.

१४ नोव्हेंबर.
गोळी उत्तम. गुडघा वाकतो. तीन झाडं.

१५ नोव्हेंबर, सकाळी ६.
एवढ्या पहाटे पोटभर कोण जेवतं? कॉफी आणि एक बिस्किट. बिस्किट चावावं लागतं, म्हणजे ते जेवणच. गोळी घेतली.
कॅप्सूल आजपासून बंद. माझं पोट दुखत नाही, मग त्याला औषध कशाला? कॅप्सुला जपून ठेवल्या आहेत, कधी पोट दुखलंच तर उपयोगी पडतील.
झाडं: तीन.

१७ नोव्हेंबर.
दुपारनंतर गुडघा कुरकुरतो. विचार केला. दोन गोळ्यांत तीन झाडं, तर तीन गोळ्यांत साडेचार. साधं त्रैराशिक. दुपारी तिसरी घेतली.
चार झाडं. अर्ध्याचा हिशेब चुकला, पण पद्धत बरोबर आहे.
बीपी मोजायचं राहिलं. उद्या.

१८ नोव्हेंबर.
तीन गोळ्या, चार झाडं. कॅफेत प्रगती सांगितली. सगळे गप्प झाले, बहुधा कौतुकाने.
बूट आवळतायत. चामडं थंडीत आकसतं.

१९ नोव्हेंबर.
सकाळी डोकं दुखत होतं. खणातली जुनी अ‍ॅस्पिरिन घेतली. डॉक्टरने दुसरी दुखण्याची गोळी नको म्हटलं होतं, पण ते गुडघ्याच्या दुखण्याबद्दल. डोकं हा वेगळा विभाग आहे.
बीपी मोजलं. एकशे सत्तर. यंत्र जुनं झालंय. सलूहाला आकडा सांगितला नाही, ती यंत्रावर विश्वास ठेवते.
सकाळीच गोळ्या संपल्या. सिहेमकडे गेलो. तिने तारीख पाहिली आणि म्हणाली, सर, या उद्यापर्यंत पुरायला हव्या होत्या. म्हटलं, एकदोन पडल्या. तिने विचारलं, कुठे, पोटात? मग म्हणाली, आणखी देणार नाही, गुडघा अजून दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तोवर घरी बसा. फार सौम्य आवाजात म्हणाली. शिक्षिका व्हायला हवी होती.
परत येताना शेजारचा हाज अम्मार भेटला. त्याच्याकडे पाठीच्या गोळ्या आहेत, वेगळ्या डॉक्टरच्या, वेगळ्या नावाच्या. माझ्या पांढऱ्या होत्या, या पिवळ्या. अख्खी पट्टी देऊन टाकली बिचाऱ्याने. मला शंका, पाठीच्या गोळीला गुडघा कसा सापडणार? खात्रीसाठी दोन घेतल्या.
दोन झाडं.

२० नोव्हेंबर.
सापडला. चार झाडं. डोकं पुन्हा दुखलं, पुन्हा अ‍ॅस्पिरिन.

२१ नोव्हेंबर.
पोटात आग. सलूहाला म्हटलं, हरिसा जरा बेताने घाल, मिरची सोसत नाही. ती म्हणाली, एकोणचाळीस वर्षं एवढीच घालतेय, आज काय झालं? तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिखट बंद, तेवढं पुरे.
चार झाडं.

२२ नोव्हेंबर.
दुपारी सलूहाने माकूळ मासळीचा रस्सा केला. दोनच घास खाल्ले. ती ताटाकडे बघत राहिली. तीन झाडं.

२३ नोव्हेंबर.
लिहायला संकोच वाटतो, पण वही माझीच आहे. आज काळी झाली. डांबरासारखी.
घाबरण्यासारखं काही नाही. माकुळीत शाई असते. कालचा रस्सा लाल दिसत होता हे खरं, पण आत कुठेतरी शाई असणारच. डॉ. बूदायाने माकुळीचा विचारच केला नव्हता. स्फाक्ससारख्या बंदराच्या गावात दवाखाना घालून बसायचं आणि मासळीची माहिती नाही.
सलूहाला बोललो नाही. उगाच काळजी करेल.
तीन झाडं. शिडीवर दोनदा बसावं लागलं.

२४ नोव्हेंबर.
अजून काळी. माकूळ पचायला जड.
अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत जाताना धाप लागली. सलूहा म्हणाली, चेहरा पिठासारखा झालाय, चला डॉक्टरकडे. म्हटलं, तोडणी संपली की. ती म्हणाली, झाडं कुठे पळून जाणार आहेत? म्हटलं, मी कॅफेत सांगितलंय.
एकच झाड. ऊन होतं. तरी थंडी वाजत होती.

२५ नोव्हेंबर.
छत्तिसावं झाड, शिडीची चौथी पायरी. डोळ्यांपुढे अंधार. पडलो नाही, स्वतःच्या पायांनी उतरलो, फक्त नेहमीपेक्षा लवकर. खाली लसाद होता म्हणून वाचलो. त्याच्या पिकअपमध्ये आडवा. हॉस्पिटलमध्ये

२७ नोव्हेंबर, हॉस्पिटल.
परवाचं वाक्य अर्धंच राहिलंय. ओकारी झाली, तीही काळी. पुढचं सलूहाने सांगितलं.
पोटात जखम, त्यातून रक्त जात होतं. तोंडातून नळी घालून ते थांबवलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. इथल्या डॉक्टरीणबाई, मुईना नाव, शांतपणे विचारत होत्या, काय काय घेतलंत, कधीपासून? मी म्हटलं, गुडघ्याची गोळी, लिहून दिलेली. तेवढ्यात सलूहाने माझ्या कोटाच्या खिशातलं एकेक काढून पलंगावर मांडलं. रिकामी पांढरी पट्टी. अर्धी पिवळी पट्टी. अ‍ॅस्पिरिनची बाटली. कॅप्सुला, जवळजवळ सगळ्या. नळीपेक्षा त्या मांडणीची भीती जास्त वाटली.
डॉक्टरीणबाईंनी पिवळी आणि पांढरी पट्टी शेजारी ठेवून सांगितलं, नावं वेगळी, औषध एकाच घराण्यातलं. अ‍ॅस्पिरिन त्यांची चुलत बहीण. एकावर दुसरं घेतलं की दुखणं दुप्पट पळत नाही, पोट मात्र दुप्पट सोलवटतं. त्यात रिकामं पोट, त्यात कॅप्सूल नाही. पायांची सूज आणि चढलेलं बीपी, तेही याच गोळ्यांनी. म्हणजे बूट आकसले नव्हते. म्हणाल्या, आणखी दोन दिवस काढले असतेत तर मी हे तुमच्याऐवजी यांना सांगत असते. आणि सलूहाकडे पाहिलं.
मी म्हटलं, मला वाटलं माकुळीची शाई आहे.
सलूहा म्हणाली, शाईची पिशवी मी काढून टाकते, लग्न झाल्यापासून. मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मला तिच्या हातावर हात ठेवायचा होता तर माझ्या हातात सुई टोचलेली. दुसरा हात लांब होता. ती स्वतःच जवळ सरकली.

२८ नोव्हेंबर.
हाज अम्मार भेटायला आला. त्याला सगळं सांगितलं, गोळ्यांच्या नावांसकट. तो पांढराफटक पडला. तोही पाठीसाठी पिवळी आणि सांध्यांसाठी आणखी एक घेत होता. दोन्ही खोकी घेऊन सरळ सिहेमकडे गेला. संत्री आणली होती, ती परत घेऊन गेला, घाईत.

३० नोव्हेंबर.
घरी. गुडघ्याला शेक, आराम, आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल, लिहिली तेवढीच. ती सूज उतरवणारी जात आता मला आयुष्यभर वर्ज्य. पोटाच्या कॅप्सुला चालू, वेळेवर. सलूहा वेळ बघते.
संकल्प: विचारल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही. खोकला होता, म्हणून सिहेमला फोन करून विचारलं की मी ही चोखायची गोळी घेऊ शकतो का, बीपी आणि पोट लक्षात घेता. तिने नाव वाचायला सांगितलं. म्हणाली, सर, हे पेपरमिंट आहे.

४ डिसेंबर.
लसाद, सलूहा आणि तिची धाकटी बहीण यांनी मशीनच्या फणीने उरलेली साडेसव्वीस झाडं तीन दिवसांत उरकत आणली. मी जाणार म्हटलं, देखरेखीला. पंचवीस वर्षं तोडणी करतोय, कुणीतरी जाणतं हवं. सलूहा म्हणाली, या, पण शिडीला हात लावायचा नाही.
माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, वर घोंगडी. शेजारच्या खुर्चीवर सलूहाची मब्रूका मावशी, वय एक्याण्णव. आम्हा दोघांना काम एकच, तोडलेल्या ऑलिव्हमधली पानं निवडायची, म्हणजे घाण्यावर माल स्वच्छ जाईल. दुपारपर्यंत मावशीच्या तीन टोपल्या झाल्या. माझी एक.
ती भरल्यावर मावशीने ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली. सलूहाला हाक मारून म्हणाली, बसू दे गं त्याला इथे, मला सोबत होते.