तारेला लावलेली पत्रे

मी, राजाराम सखाराम मेश्राम, वय ७४, निवृत्त मराठी शिक्षक, मूळचा भंडाऱ्याचा, हल्ली मुलाकडे सनीव्हेल, कॅलिफोर्निया येथे राहतो. मंगळवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके जागेवर आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, धास्ती वाटते म्हणून लिहून ठेवतो की:

१. भंडाऱ्याचे घर व बँकेतील शिल्लक चि. अनिलला. परसातली कण्हेर तोडू नये.

२. शाळेतल्या कवितांच्या माझ्या वह्या सूनबाई उत्तराला. ती भांडी घासताना माझ्याबरोबर चालीत म्हणते. अनिल "बाबा, व्हॉल्यूम कमी करा ना" म्हणतो.

३. माझा मित्र, कथालेखक दिगंबर खोब्रागडे, जहाजावर स्वयंपाकी होता. भूमध्य समुद्रावरच्या बंदरांतून त्याने मला एकोणचाळीस पत्रे लिहिली. 'आपली कण्हेर इथे रस्त्याच्या कडेला, मुले प्रार्थनेला उभी असावीत तशी.' 'द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून देतात. अळूवडीचा चुलतभाऊ म्हण.' यातली अडतीस आहेत, ती नात मैत्रीला. अनिल नोकरी बदलून रेडमंडला जाणार. तिथे पाऊस फार म्हणतात. खोका गॅरेजमध्ये ठेवू नये.

४. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. पत्र वाचून झाले की आपल्याकडच्या रीतीने मी ते खुंटीवरच्या तारेला टोचत असे. तार गंजली. आता प्रत्येक पत्राच्या मध्यावर रुपयाएवढे भोक आहे आणि तिथले शब्द गेले आहेत. मैत्री ही पत्रे माझ्याकडून ऐकून कॉम्प्युटरवर इंग्रजीत उतरवते. भोक आले की विचारते, "आजोबा, व्हॉट वॉज हिअर?" मी डोळे मिटून सांगतो: लिंबाचा मोहोर, मधात बुडवलेले अंजीर. ती म्हणते, "यू रिमेंबर एव्हरीथिंग."

मला काही आठवत नाही, बाळा. चालीत बसले ते सांगितले. दिगंबरने जे हुंगून, चाखून लिहिले, त्यात मी न पाहिलेला समुद्र ओतला. तो हयात नाही, विचारणार कोणाला? भोकांतले माझे सगळे शब्द काढून जागा कोरी ठेवावी.

५. बारावे पत्र आमच्या शाळेच्या सुलभा वानखेडे बाईंनी १९६१ साली वाचायला नेले, परत दिले नाही. राग कायम आहे. मात्र त्यांनी ते पुस्तकात ठेवले असेल, तर तेवढेच एक अखंड असेल. अनिलने जाऊन नम्रपणे मागावे.

६. त्रिशरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत.

सनीव्हेल, ९ ऑक्टोबर १९९७
राजाराम स. मेश्राम

साक्षीदार: श्रीरंग ढोके, सुलेखा ढोके (शेजारी. आत काय लिहिले ते दोघांनी विचारले नाही, उपकार.)

ता. क. सोमवारपर्यंत मैत्रीला तोंडाने सांगायचा धीर झाला, तर कलम ४ मीच खोडीन. खोडलेले नसेल, तर झाला नाही असे समजावे.