निळ्या फुलांच्या कपाची किंमत

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर (वरचा मजला)
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. मधुसूदन यास आशीर्वाद सवयीने, राग कारणाने. वि. वि.

काल, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, खालच्या बैठकीत, पाहुण्यांच्या देखत तू माझ्या कपाची किंमत जाहीर केलीस. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. तुझ्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. आपल्या घरात आवाज चढवायचा नाही, भांडायचं तर कागदावर, हा बाबांचा नियम. त्यांच्या मागे तो मी तरी पाळते. म्हणून हे पत्र गॅलरीतून टोपलीत घालून खाली सोडत आहे. उत्तरही टोपलीतूनच यावं. जिना चढून आलास तर दार उघडणार नाही.

आता गुन्हा सविस्तर. जयसिंहराव आणि सुमनताई मुरारहून तुझ्या मंजिरीला पाहायला येणार, हे आठवडाभर ठरलेलं होतं. खरं तर आपल्याला पाहायला. मंजिरीला त्यांचा सौरव कॉलेजात रोज पाहतो, दोघं एकाच स्टाफरूममध्ये बसतात. मी तुला विचारलं होतं की चहाचे कप धड आहेत ना. तू आहेत म्हणालास. मग मी वर साडी नेसत असताना माझं काचेचं कपाट उघडून निळ्या फुलांचे कप-बशा खाली कोणी नेल्या? मांजराने?

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून एकेक करून जमवलेले ते कप आहेत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकायला होते तेव्हा मदर सुपीरियरच्या खोलीत अगदी असे कप असत. ट्रे नेऊन ठेवायचं काम माझं, रिकामा परत आणायचं कामही माझंच. त्यातून चहा कसा लागतो हे काही मला कळलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी आपले आणायचे. आणले. त्यांना आजवर चहाचा थेंब लागलेला नव्हता. ते पाहण्यासाठी आहेत.

खाली येते तो कपांत चहा आणि बशांत तीळगुळाच्या गजकचा भुगा! तरी मी हसले. कॉन्व्हेंटने दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या, हसणं आणि स्पेलिंग. जयसिंहराव किमती सांगत होते. नवी जीप केवढ्याला पडली, गुडघ्याचं ऑपरेशन केवढ्याला, बंगल्याचं फाटक केवढ्याला. सांगेनात का, पाहुणे आहेत. मग त्यांनी माझा कप, भरलेला कप, डोक्याच्या वर धरून खालून वाचला आणि म्हणाले की अरे, हे तर आपल्याकडेही आहेत, सुमनने मेळ्यातल्या दुकानातून आणलेत, दोनशेला जोड.

अशा वेळी सभ्य माणूस काय करतो? गजक पुढे करतो. तू काय केलंस? छाती काढून सांगितलंस की मेळ्यातला कसला, विलायती आहे, चौदा हजारांचा! दिवाळीत विश्वासाने तुझ्या कानात सांगितलेला आकडा तू असा चौकात मांडलास. सुमनताईंचं डोकं दुखायला लागलं. मंजिरी वेंधळी, तिने त्यांच्या हातातला कप रिकामा समजून काढून घेतला, तो निम्मा भरलेला होता. आणि दोघंही उठली. आपल्या दारातून पाहुणा अर्ध्या चहावर उठलेला बाबांच्या काळात कोणी ऐकला आहे का?

मंजिरी रडत नाही, याचीच मला काळजी वाटते. सकाळी एवढंच म्हणाली की आत्या, तुम्ही दोघांनी हद कर दी, आणि कॉलेजला गेली.

भाऊबीजेची साडी टोपलीत परत ठेवली आहे. रंग तेव्हाही आवडला नव्हता.

कळावे. लोभ आहे, पण सध्या कपाटात, कुलपाआड.

तुझी थोरली बहीण
शामला

—

जयेंद्रगंज (तळमजला)
सोमवार, संध्याकाळ

ती. शामलाताईस जिन्याच्या पायथ्यापासून सा. न. वि. वि.

टोपली पोचली. साडी परत वर पाठवत आहे, कारण टोपली रिकामी परत धाडायची नाही, हाही बाबांचाच नियम.

कपाट मी उघडलं, हे कबूल. आपल्या खालच्या कपांपैकी निम्म्यांचे कान गेलेत. होणाऱ्या विहिणीला बिनकानाच्या कपात चहा देऊ? आणि किंमत सांगितली, हेही कबूल. पण कशी सांगितली ते ऐक. त्यांनी जीप सांगितली, मी ऐकली. गुडघा सांगितला, ऐकला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या कारकुनाजवळ त्यावर सांगण्यासारखं काय असणार? स्कूटर? मी आपला गजक चघळत होतो. पण ते दोनशे म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. तू त्या कपांवरची धूळ फुंकरीने काढतेस, फडकंसुद्धा लावत नाहीस, हे मी इतकी वर्षं पाहतो आहे. माझ्या बहिणीच्या कपाला कोणी मेळ्यातला म्हणावं आणि मी गप्प बसावं?

आता ताई, तुझ्या पत्रातून एक वाक्य गळलं आहे, ते टोपलीतून वर पाठवतो. पाच वीसला मी चौदा हजार म्हणालो, हे बरोबर. पण पाच एकवीसला कोण म्हणालं की मधू, चौदा नव्हे, साडेअठरा. चौदाचा तो गुलाबी फुलांचा? सुमनताईंचा चेहरा उतरला तो तुझ्या साडेअठरावर. माझ्या चौदावर त्या अजून पीत होत्या.

असो. खरी काळजी पुढेच आहे. सौरवने मंजिरीला सांगितलं की त्याच्या घरी कालपासून आई-बाबांचा अबोला आहे. मी दुपारी जयसिंहरावांना फोन केला. ते तुटकपणे म्हणाले की आधी माझ्या घरातलं निस्तरू दे, लग्नाचं नंतर पाहू. मला वाटतं त्यांना आपण उधळे वाटलो. ज्या घरात चहाचा कप साडेअठरा हजारांचा, त्या घरची मुलगी कशी परवडायची, असं त्यांच्या मनात आलं असेल. मंजिरीने आज डबा तसाच परत आणला. तिची आई गेल्यापासून तिला तूच वाढवलंस. आता काय करायचं तेही तूच सांग. मला या वयात दुसरं कोण आहे विचारायला?

कळावे. लोभ कपाटातून बाहेर काढ, फार दिवस ठेवलास तर त्यालाही फुंकर घालावी लागेल.

तुझा धाकटा
मधू

ता. क. जेवायला खाली ये. टोपलीतून आमटी पाठवता येत नाही.

—

मुरार
गुरुवार, १३ नोव्हेंबर

आदरणीय शामलाताईंना सुमनचा हात जोडून नमस्कार, वि. वि.

फोन करत नाही, कारण यांचे कान फोनपाशीच असतात. सौरवच्या हाती ही चिठ्ठी पाठवते आहे. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, तेव्हा त्यालाही काही माहीत नाही.

त्या दिवशी आम्ही तसे उठून गेलो, त्याची मला फार शरम वाटते. आपल्याला वाटलं असेल की आमचा अपमान झाला. बिलकुल नाही. ताई, ते निळ्या फुलांचे कप माझ्याकडेही आहेत. नकली नाहीत, अस्सल आपल्यासारखेच. माझी भाची मागवून देते. यांना मी सांगितलं की मेळ्यातले आहेत, दोनशेला जोड. काय करणार? हे किंमत विचारल्याशिवाय वस्तूकडे पाहतच नाहीत. साडी असो, कढई असो, मी शून्यं गिळूनच सांगत आले. घरात शांतता राहते. आता यांना दोनशेचा वाटतो म्हणून त्यातला एक कप यांनी दाढीचा ब्रश ठेवायला घेतला. साबणाचा फेस, ताई, त्या सोनेरी काठावर! रोज सकाळी पाहते आणि गप्प बसते.

मधुसूदनराव चौदा म्हणाले तोवर मी धीर धरून होते. यांना वाटलं असतं की मुलीचे वडील आहेत, थोडं वाढवून सांगतात. पण आपण साडेअठरा म्हणालात आणि मी समजले की संपलं. माझा हात असा कापायला लागला की चहा साडीवर सांडला असता. मंजिरीच्या ते ध्यानात आलं. रिकामा कप उचलावा तसा तिने माझ्या हातातून तो अलगद घेतला, कोणाला काही दिसू दिलं नाही. मी त्याच क्षणी मनात म्हटलं, हीच.

घरी येऊन यांनी पहिलं काम केलं ते ब्रश काढून कप धुतला आणि तळ वाचला. तेव्हापासून मिक्सरपासून पैठणीपर्यंत सगळ्याची खरी किंमत मागतायत. म्हणतात, जिथे नवरा-बायकोत खरं नाही तिथे सून आणून तिला काय शिकवायचं. कप मेळ्यातलेच, असं मी सांगत राहिले, शपथ घ्यायचीच बाकी ठेवली. शेवटी म्हणाले की त्या बाईंनी लिहून दिलं तर मानीन, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई खोटं लिहायची नाही.

मी काय मागते आहे ते आपल्या लक्षात आलं असेल. आपलेही कप मेळ्यातलेच, दोनशेचे, एवढ्या दोन ओळी. मागताना जीभ अडखळते. साडेअठरा म्हणताना आपला चेहरा मी पाहिला आहे, आपल्या वर्गातली मुलगी बोर्डात पहिली आल्यासारखा. नाही जमलं तर मी राग मानणार नाही. पण मग पोरांचं काय होईल, मला सांगता येत नाही.

आणि हो, आपल्या कपातला चहा दोनच घोट घेतला, पण फार छान लागला. माझ्या कपांतून मी अजून एकदाही प्यालेले नाही.

कळावे. चिठ्ठी फाडून टाकावी, माया ठेवावी.

आपली
सुमन

—

जयेंद्रगंज (वरचा मजला)
शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

चि. मधू यास आशीर्वाद, वि. वि.

सोबत सुमनताईंची चिठ्ठी आहे. वाच आणि लगेच टोपलीत परत टाक. फाडायची मीच आहे.

वाचलीस? आपण उधळे वाटलो नाही, हे एक बरं झालं. दुसरं म्हणजे माझा साडेअठराचा आकडा बरोबर होता. तो मी मागे घेत नाही, निदान तुझ्यापुढे तरी नाही. आणि मंजिरी वेंधळी, हे पहिल्या पत्रातलं वाक्य खोड.

दोनशे! मधू, जन्मभर मी मुलींना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं. आणि आता स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कपांवर असं लिहू? चिठ्ठी वाचून मी सुमनताईंना नकार लिहायलाच बसले होते. तेवढ्यात मंजिरी आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की आत्या, रहने दो, तुझे कप कोणी मेळ्यातले म्हटलेले मलाच चालणार नाही, मी आणि सौरव थांबू. थांबू म्हणे! मूर्ख पोरगी, हुबेहूब आईवर गेली आहे. तिलाही स्वतःसाठी काही मागता येत नसे. मग नकाराचा कागद फाडला.

तर मी लिहिणार आहे. त्यात तुला बढाईखोर ठरवावं लागेल. हरकत असल्यास दुपारी बारापर्यंत लेखी कळव. मान्य होणार नाही, पण कळव.

कळावे. लोभ कपाटाबाहेर काढला आहे. आमटीत गूळ कमी घाल.

शामला

—

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

श्री. जयसिंहराव यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या बैठकीत चहाच्या कपांविषयी जे बोलणं झालं, त्यात दुरुस्ती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते कप मेळ्यातले आहेत. किंमत दोनशे रुपये. एका कपाची नव्हे, बशीसह जोडाची. दुकान कोणतं ते विचारू नये, धूळ फार होती. तळाशी जे इंग्रजीत छापलं आहे त्याला आपण भुलू नये. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आहे, आणि इंग्रजीत छापलेलं सगळं खरं नसतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझा भाऊ मधुसूदन लहानपणापासून बढाईखोर आहे. त्याच्या हरकतीची नोंद मी घेतली आहे. त्याने चौदा म्हटल्यावर मी साडेअठरा म्हटलं, ते त्याच्यावर कडी करण्यासाठी. थोरल्या बहिणीला ही खोड असते. सौ. सुमनताईंनी आपल्याला जे सांगितलं आहे ते, मी लिहिते आहे तितकंच खरं आहे. तेव्हा मिक्सर आणि पैठणी यांना आपण सुखाने नांदू द्यावं.

आता माझी तक्रार. दुसऱ्याच्या घरी भरला कप उचलून खालून वाचण्याची रीत मी कुठे पाहिली नव्हती. आमच्या शाळेत याचे गुण कापले जात. दुसरं, मंजिरी आपल्या घरी आली की तिला कोणत्याही वस्तूची किंमत विचारू नका. ती खरी सांगते. मी तिला दुसरं काही शिकवलेलं नाही, आणि ते आपल्याला झेपेल असं वाटत नाही. तिसरं, कप दोनशेचा असला तरी त्यातून चहाच प्यावा, इतर कामांना घेऊ नये, असं माझं एक सर्वसाधारण मत आहे. कोणाला उद्देशून नाही.

साखरपुड्याचा दिवस ठरवायला आपण उभयता केव्हा येता, ते कळवावं. चहा त्याच कपांतून होईल. या खेपेला मीही त्यातूनच घेणार आहे. निःशंक मनाने प्यावा. हातून सुटला, फुटला, तरी मनाला लावून घेऊ नये. दोनशे रुपयांची तर वस्तू. मेळा लागला की दुसरा आणता येईल.

कळावे. लोभ ठेवावा, किंमत विचारू नये. उत्तर लेखी हवं, फोन चालणार नाही. ते रविवार, १६ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. पाच एकवीसला आलेलं पत्र मी उघडत नाही.

आपली
शामला