गोदाक्काचं सुतक

इंदापूर

प्रिय बने,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे चुलीत घालायला निघाली असशील. थांब की जरा! सात वर्षं तू माझ्याशी अबोला धरलायस, तो मला आता सोसवत नाही. एवढं वाच, मग काय ते ठरव. श्रेयाला वाचायला सांगू नकोस, नातीपुढं आजीची भांडणं कशाला?

इकडं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत. युनूस म्हणतो, अम्मी, तू लिहिणं सोडलंस तर आम्हाला बोलून बोलून मारशील. म्हणून लिहितेय. बारामतीत माझं नवं नाटक बसतंय, रेडिओचं नव्हे, खरंखुरं रंगमंचावरचं. सत्तराव्या वर्षी! आहेस कुठं?

कोऱ्हाळ्यात तुझ्या ओट्यावर मी पहिली श्रुतिका वाचली, तेव्हा तू शेंगा फोडत होतीस. ऐकून म्हणालीस, सासूशी अशी पुस्तकावानी कोन बोलती गं? हिला कवा भाकरी थापावी लागली न्हाय वाटतं. मला असा राग आला! पण तुलाच उचलून स्टुडिओत नेलं. लाल दिवा लागला आणि तू कागद बाजूला ठेवून बोलत सुटलीस. वीस वर्षं तू आमच्या रेडिओ मालिकेतली गोदाक्का होतीस. पावसाच्या आवाजासाठी मी सुपात ज्वारी फिरवायची, तर रेकॉर्डिंग चालू असताना तू म्हणालीस, हळू पड रं बाबा, पेरणी वाहून जाईल! ते वाक्य तसंच राहिलं आणि गावोगाव लोक ते म्हणत हिंडले.

मग मालिकेत गोदाक्का वारली. दुसऱ्या दिवशी सांगवीच्या बायका सुतकाच्या घरी न्यायची पिठलं-भाकरी बांधून तुझ्या दारात, आणि तू अंगणात मिरच्या वाळत घालतेयस! मी जित्ती हाय की, म्हणून तू ओरडलीस, तरी एकीनं डोळे पुसत तुला चार घास भरवलेच. सगळं गाव हसलं, तू हसली नाहीस. तुझं वीस वर्षांचं काम गेलं होतं. तू विचारायला आलीस, तर मी रेडिओच्या साहेबांवर ढकललं. त्याचं नाव सांग, मी इचारते, म्हणालीस. मी गप्प बसले. त्या दिवसापासून तूही गप्प.

बने, साहेब बिचारा मालिका चालू ठेवा म्हणून मागं लागला होता. पण टपालातली सगळी पत्रं गोदाक्काच्या नावानं यायची, लेखिकेला एक नाही. जळले गं मी. लोक हसायचे ती वाक्यं तुझी आणि नाव माझं, हे कुणी ओळखलं तर? त्या भीतीनं तिला मीच मारलं. फार चुकले, माफ कर. या नाटकातल्या सासूची पानं अजून कोरीच आहेत. मंगळवारी तालीम सुरू होतेय. तू ये, तू बोल, मी लिहून घेते. जाहिरात आज सकाळी छापायला दिली: लेखिका बनाबाई खोमणे आणि मेहजबीन बागवान. तू आली नाहीस, तरी ती तशीच छापली जाईल.

तुझीच, जळकी पण जिवाभावाची,
मेहजबीन